गटिंगवालीचं ऑडिट

लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो मांजराचा. बॅडमिंटनच्या रॅकेटला जाळी घालण्याच्या कामाला आमच्याकडे गटिंग म्हणतात आणि गट म्हणजे आतडं, हे कुणी ना कुणी कुठेतरी वाचलेलं असतं. मग दारातच उभं राहून, आवाज खाली आणून विचारतात, "काकू, हे मांजराचं असतं का?" कांदा-लसूणही न खाणाऱ्या एका गृहस्थांनी तर नातीची रॅकेट हातात घेण्याआधी माझ्याकडून देवाची शपथ घेतली होती. मी त्यांना म्हटलं, अहो, नायलॉन आहे, तुमच्या मिसेसच्या साडीत असतं तेच. त्यांनी रॅकेट नेली. साडीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मी पिंपळे गुरवला राहते. आमच्या फ्लॅटला स्वयंपाकघराच्या मागे ड्राय बाल्कनी आहे. इतरांकडे तिथे कपडे धुवायचं मशीन असतं, माझ्याकडे गटिंगचं आहे. भोसरीला मोटारीच्या कॉइल भरायच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. ते युनिट दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही बायका इथेच राहिलो. बारीक तार न तुटता ताणायची एवढी एकच विद्या हातात होती, ती रॅकेटला लागू पडली. जवळच्या बॅडमिंटन हॉलच्या कोचनं आपलं जुनं मशीन मला दिलं आणि शिकवलंही.

हे मशीन हातानं चालतं. लोखंडी बैठक, तिच्यावर रॅकेट आडवी निजवून कडेनं घट्ट धरायची सोय आणि शेजारी एक लांब दांडा. दांड्यावर पुढेमागे सरकणारं वजन आणि कोरलेले आकडे. चोवीस पौंड ताण हवा असेल तर वजन चोवीसवर न्यायचं, तारेचं टोक दांड्याच्या मुळाशी असलेल्या चिमट्यात धरायचं आणि दांडा सावकाश सोडायचा. वजन खाली येतं, तार ताणली जाते. दांडा बरोबर आडवा थांबला, की ताण बरोबर. वरच राहिला किंवा खाली गेला, की उचलायचा, तार जराशी सैल किंवा घट्ट करून पुन्हा सोडायचा. आधी सगळ्या उभ्या तारा. मग आडव्या, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, बाज विणतात तशा. एका रॅकेटला तासभर सहज जातो. हिंजवडीच्या मोठ्या दुकानात बटण दाबलं की ताण देणारी विजेवरची मशीन आहेत. पण लाइट गेली की त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. माझ्या मशीनला फक्त खाली पडायला जागा लागते.

गिऱ्हाइकंही बघण्यासारखी. हिंजवडीचा एक इंजिनिअर व्हिडिओ बघून आला होता. त्याला जागतिक दर्जाच्या खेळाडूंचा ताण हवा होता. मी म्हटलं, बाळा, इतक्या ताणानं शटल नाही, खांदा उडेल. ऐकेना. पुढच्या आठवड्यात हात गळ्यात बांधून आला आणि म्हणाला, "काकू, गटिंग एकदम टॉप झालंय, फक्त मला खेळता येत नाही." देहूरोडचे एक सुभेदार साहेब यायचे, ते रॅकेट तयार होईपर्यंत उभेच राहायचे. खुर्ची दिली तर म्हणायचे, "काम सुरू आहे ना? मग आम्ही कसे बसणार?" काम संपल्यावर रॅकेट डोळ्यासमोर धरून तारांची रांग बघायचे आणि तारांनाच म्हणायचे, "शाबास."

पण या सगळ्यांच्या वरताण झालं ते बिराजदारांचं. तेच सांगायला बसले आहे.

बिराजदार चाकणच्या एका कंपनीत नोकरीला. गाड्यांचे सुटे भाग करणारी मोठी कंपनी. मूळचा लातूरकडचा मुलगा, तिशीचा, सरळ, आणि इतका प्रामाणिक की त्याच्याशी बोलताना आपणच काहीतरी लपवतोय असं वाटावं. त्याचा फोन आला. कंपनीत डिपार्टमेंटांच्या बॅडमिंटन स्पर्धा होत्या, कंपनीच्या सगळ्या रॅकेटांचं गटिंग करून हवं होतं.

"पाठवा की," मी म्हटलं.

"तसं नाही पाठवता येत, काकू. आधी तुमचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नंबर, निघावा लागतो. आणि कोडसाठी ऑडिट करावं लागतंय."

"कुणाचं?"

"तुमचं."

मी फोन धरून स्टुलावर बसले. सांगते का ते. भोसरीच्या युनिटमध्ये ऑडिट असलं की आम्हा कॉन्ट्रॅक्टवरच्या बायकांना आदल्या दिवशी निरोप यायचा, उद्या येऊ नका. कागदावर आम्ही नव्हतोच. ऑडिटर येऊन आम्ही भरलेल्या कॉइली बघायचे, कौतुक करायचे, चहा पिऊन जायचे. आम्ही त्या दिवशी घरी गोधड्या धूत असायचो. इतक्या वर्षांत मी एकही ऑडिटर डोळ्यांनी पाहिला नव्हता. आणि आता एक ऑडिटर माझं नाव घेऊन माझ्या घरी येणार होता. मी पडदे धुतले.

बिराजदार आला तो पायात लोखंडी टोपणाचे बूट, डोळ्यांवर सेफ्टी गॉगल आणि हातात जाड फाइल घेऊन. मी पोहे केले होते. पोहे खाताना तो मला काकू म्हणाला, हात धुतले आणि मॅडम म्हणायला लागला.

"मॅडम, एक आधीच सांगतो," तो म्हणाला. "आमच्या कॉम्प्युटरमध्ये बॅडमिंटन नाही. कुठल्या तरी गटात टाकल्याशिवाय पुढं जात नाही. मग मी ताण सहन करणारी वस्तू म्हणून शोधलं, तर सीटबेल्ट आला. म्हणून तुम्ही सध्या सीटबेल्टमध्ये आहात."

"मग?"

"सीटबेल्ट म्हणजे माणसाच्या जिवाशी संबंध. म्हणून ऑडिट जरा कडक आहे."

आमचे हे सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. आमचे हे म्हणजे वसंतराव. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत. भाजीत मीठ नसलं तरी 'चालतंय', पाहुणे न सांगता आले तरी 'चालतंय' म्हणणारे. त्या दिवशी ते पहिल्यांदा काहीही म्हणाले नाहीत.

बिराजदार मशीनपाशी गेला. दांड्याकडे, वजनाकडे बघून म्हणाला, "हे वजन खाली कशानं जातं? मोटर कुठं आहे?"

"मोटर नाही. आपोआप जातं."

"आपोआप म्हणजे?"

"गुरुत्वाकर्षणानं."

ताण देणारी जी काही शक्ती असेल तिचं प्रमाणपत्र बघणं भाग होतं. बराच विचार करून त्यानं फाइलमध्ये लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "ग्रॅव्हिटी. बाहेरून घेतली जाते. सप्लायर एकच, पर्याय उपलब्ध नाही." मग काळजीनं माझ्याकडे बघत म्हणाला, "एकाच सप्लायरवर अवलंबून राहणं ही जोखीम धरतात, मॅडम. पण मी बघतो काय करता येतंय ते."

त्यानं मनापासून मदत केली, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं मला नापास करून सुटका करून घेतली असती तर कुणी विचारलं नसतं. पण त्याला मी पास व्हायला हवी होते. पुढचे दोन रविवार तो सुट्टी असून आला आणि माझ्या घराचा कारखाना केला. चपलांच्या रॅकवर 'तयार माल' अशी पाटी लागली. फ्रिजच्या बाजूला 'कच्चा माल'. स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत पिवळी पट्टी चिकटवली, तिच्या आतून चालायचं. मी पोळ्या करताना पट्टीच्या बाहेर पाय टाकला की ह्यांचा खाकरण्याचा आवाज यायचा. कारण हे आता खात्यात होते. जो माल बनवतो त्यानंच तो तपासायचा नाही, असा नियम निघाला. घरात दुसरं माणूस एकच. म्हणून बिराजदारानं ह्यांच्या गळ्यात पट्टा घातला आणि त्यावर लिहिलं, 'अंतिम तपासणी'. तार कशी बघायची, वर-खाली कसं मोजायचं, गाठ कुठे असायला हवी, हे मी त्यांना शिकवलं. ते पट्टा अंघोळीलाच तेवढा काढायचे.

भानगड झाली ती खाली पार्किंगमध्ये. आग लागली तर कामगारांनी कुठे जमायचं ती जागा ठरलेली असावी लागते. कामगार मी एकटी. तरी बिराजदारानं पार्किंगच्या कोपऱ्यात हिरवी पाटी ठोकली, 'असेंब्ली पॉइंट'.

आमच्या सोसायटीचे चेअरमन तात्या. जुन्या गावातले. ही जमीन त्यांचीच होती, बिल्डरला दिली तेव्हा त्यांना वरचे फ्लॅट मिळाले. चेअरमनपद त्याच वेळी मिळालं आणि नंतर ते कुणी मागितलंच नाही. पाटी बघून तात्या थेट वर आले.

"शोभाताई, असेंब्लीला कोन उभं ऱ्हातंय?"

"कसली असेंब्ली, तात्या?"

"आमी खाली वाचलं की. पॉइंट बी ठरलाय. आन चेअरमनला पत्ता न्हाई. तुमचे मालक उभे ऱ्हात्यात का? गळ्यात पट्टा घालून फिरत्यात चार दिस."

मी समजावलं. आगीचं सांगितलं, सीटबेल्टचं सांगितलं. तात्यांचा निम्मा विश्वास बसला. ते तसेच खाली गेलेही असते, पण नेमका त्याच वेळी बिराजदार बाल्कनीत गुडघ्यावर बसून, मोबाइल फरशीवर ठेवून मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, बिल्डिंग तिरकी आहे."

त्याला म्हणायचं होतं फरशी. दांडा आडवा आहे की नाही हे बघायचं तर खालची जागा सपाट हवी म्हणून तो ती तपासत होता. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. तात्यांची जमीन, तात्यांचा बिल्डर, तात्यांची बिल्डिंग.

"तिरकी म्हंजी कुनीकडं?" त्यांनी विचारलं.

"नाशिक फाट्याकडं," बिराजदारानं मोबाइल बघून सांगितलं. तो खोटं बोलत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर लोक जमिनीवर लिंबं सोडत होते. कुणाचं लिंबू हॉलकडे गेलं, कुणाचं बेडरूमकडे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दागिने माहेरी पाठवले. तात्या जिन्यात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "जमीन सरळ व्हती आमची. नांगर धरलाय मी तिच्यात. जमीन सरळच व्हती." शेवटी बिल्डरचा जुना मिस्त्री सापडला. तो आला, माझ्या बाल्कनीत एक तांब्या पाणी ओतलं, ते कोपऱ्यातल्या जाळीत गेलेलं सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "ढाळ हाय ह्यो. पानी जायाला. कपडे धुवायची जागा हाय ना ती?" लिंबं सगळ्यांनी सरबताला वापरली. माझ्या टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याची घडी गेली आणि बिराजदारानं त्या पुठ्ठ्यालाही एक लेबल लावलं.

मग मोठं ऑडिट. त्यासाठी कंपनीच्या मुख्य ऑफिसमधून एक मॅडम आल्या. केस बारीक कापलेल्या, बोलणं कमी. बरोबर बिराजदार, घामानं भिजलेला. मी बाल्कनीत मशीनपाशी, ह्यांनी डायनिंग टेबलवर तपासणी मांडलेली. मॅडमनी मला एक रॅकेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला सांगितली आणि शेजारी उभ्या राहिल्या.

गटिंग करताना माझं तोंड चालू असतं. कुणाशी तरी बोलत मी तारा ओवते, हात आपले आपण जातात. त्या दिवशी मी गप्प होते आणि हातांकडे बघत होते. कॉइल भरणाऱ्या बाईला विचारा, हातांकडे बघायला लागलं की हात बिघडतात. पण दांडा दर वेळी आडवा थांबला. शेवटची गाठ मारली, टोक कापलं, रॅकेट पिवळ्या पट्टीतून चालत नेऊन ह्यांच्यापुढे ठेवली. मला वाटलं, झालं.

ह्यांनी चष्मा लावला. रॅकेट उजेडात धरली. बोटानं एकेक आडवी तार मोजत गेले, वर, खाली, वर, खाली. मधेच बोट थांबलं. पुन्हा मागून मोजलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संसारात मी त्यांची ती नजर पाहिली नव्हती. मला कळलं, कुठेतरी एक तार दोनदा वरून गेली आहे.

एवढ्यानं रॅकेटचं काही अडत नाही. खेळणाऱ्याला कळतही नाही. मी डोळ्यांनीच त्यांना म्हटलं, चालतंय. आयुष्यभर जे ते मला म्हणत आले ते मी त्यांना म्हटलं. हे उठले, लाल लेबल घेतलं, रॅकेटला बांधलं आणि तिला पट्टीच्या आतून चालत नेऊन 'नाकारलेला माल' लिहिलेल्या बादलीत उभी केली.

"एक विणीची चूक आहे," ते मॅडमना म्हणाले. "पुन्हा करावी लागेल."

बिराजदारानं डोळे मिटले. मला वाटलं, एवढा कोड, एवढे पडदे, एवढे पोहे, सगळं ह्या माणसानं बादलीत घातलं. मॅडम बादलीपाशी गेल्या, रॅकेट उचलून त्यांनी ती चूक शोधली. त्यांना सापडायला वेळ लागला. मग ह्यांना विचारलं, "काम करणाऱ्या तुमच्या कोण?"

"पत्नी."

"तरी नाकारलंत?"

"तार चुकलेली होती," हे म्हणाले.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. बिराजदाराला म्हणाल्या, "आपल्या प्लँटमध्ये शेवटचा माल कधी नाकारला गेला? सगळं पास, रोज पास. हे बघ, याला सिस्टिम म्हणतात." आणि मी पास झाले. चुकल्याबद्दल पास झाले. ह्यांचं नाव त्यांनी शेऱ्यात खास लिहिलं. माझं काम 'सुधारणेस वाव' असं लिहिलं. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. जेवण मात्र तपासणी टेबलवर वेळेवर ठेवत होते.

रॅकेटा आल्या, मी केल्या, ह्यांनी तपासल्या. एकही परत आली नाही. आणि स्पर्धेच्या अंतिम सामन्याला बोलावणं आलं, मान्यताप्राप्त पुरवठादार म्हणून. तात्यांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला चाकणला नेलं. त्यांना बघायचं होतं की एवढ्या गोंधळानंतर त्या जाळीचं करतात तरी काय.

हॉल भरलेला. फायनल होती प्लँटच्या साहेबांची, म्हणजे सगळ्या कारखान्याच्या प्रमुखांची, आणि डिस्पॅचमधल्या इरफान तांबोळीची. तांबोळी सडपातळ पोरगा, पाय हलके. दोनच मिनिटांत माझ्याही लक्षात आलं की हा फार चांगला खेळतो, आणि आत्ता खेळत नाहीये. प्रत्येक शटल तो साहेबांच्या डोक्यावर अलगद देत होता, ताटात वाढावं तसं. साहेब जोरात मारायचे, हॉल टाळ्या वाजवायचा. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र काही आनंद दिसत नव्हता. ते दर वेळी आधीपेक्षा जोरात मारत होते. आणि अशाच एका फटक्याला ताडकन आवाज झाला. तार तुटली.

मग एकेक मान माझ्याकडे वळली. बिराजदार खेळाच्या कपड्यांत होता, तरी खिशात पेन होतंच. तो धावत कोर्टवर गेला. "सर, रॅकेट जागची हलवू नका," तो साहेबांना म्हणाला. "सीटबेल्ट गटातला पार्ट आहे. फेल झाला तर जागेवरच कारण शोधायचं असतंय. पाच वेळा 'का' विचारायचं, मग मुळाशी पोचतो." ही त्यांच्याकडची पद्धत आहे म्हणे, आणि साहेबांनीच ती प्लँटमध्ये आणली होती. त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

त्यानं मला खूण केली. मी चपला काढून कोर्टवर गेले. साहेबांनी रॅकेट पुढे केली, मी जाळी बघितली आणि श्वास सोडला.

"तार का तुटली?" बिराजदारानं विचारलं.

"बरोबर मधोमध तुटली आहे," मी म्हटलं. "कडेला तुटली असती तर गटिंगमध्ये खोट निघू शकली असती. मधे तुटते ती फटक्यानं. फार जोरात मारलं."

त्यानं लिहिलं. मग साहेबांकडे वळला. "सर, इतकं जोरात का मारलं?"

साहेबांनी कपाळ पुसलं. "शटल फार सोपं आलं होतं. बरोबर डोक्यावर."

"सोपं का आलं?"

सगळे तांबोळीकडे बघायला लागले. तो जाळीच्या पलीकडे उभा. "मी दिलं," तो म्हणाला.

"का दिलं?"

तांबोळीनं बुटांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. कोण जाणे, बिराजदाराच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवतच नसावं. "साहेब प्लँट हेड आहेत म्हणून."

इथे चार झाले. बिराजदाराचं पेन हवेत थांबलं. पाचवा प्रश्न काय येतो ते त्याला कळलं, मला कळलं, हॉलमधल्या शेवटच्या रांगेलाही कळलं. त्यानं कागद बघितला, पुन्हा साहेबांना बघितलं. पहिल्या रांगेतून तात्यांचा आवाज आला, "इचारा की. एक ऱ्हायलाय."

"सर," बिराजदार म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक झाला की मलाच वाईट वाटलं, "तुम्ही प्लँट हेड का आहात?"

साहेब कडेच्या बाकावर जाऊन बसले. तुटकी रॅकेट गुडघ्यांवर आडवी ठेवली. मला वाटलं, आता ह्या पोराची नोकरी गेली, माझा कोड गेला. साहेबांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "रोज सकाळी चाकणच्या चौकात गाडी अडकते तेव्हा मीही हाच विचार करतो. अजून उत्तर मिळालेलं नाही. मिळालं की कळवतो."

"आणि सुधारणा काय लिहू, सर?"

साहेब उठले. बॅगेतून दुसरी रॅकेट काढली. जाळीपाशी जाऊन म्हणाले, "तांबोळी, आता खेळ."

"साहेब?"

"खेळ म्हणतोय. नाहीतर हा पुन्हा पेन काढेल."

तांबोळी खेळला. पहिलं शटल साहेबांना दिसलंच नाही. दुसरं दिसलं, पण गेल्यावर. साहेब डावीकडे पळाले की शटल उजवीकडे, मागे गेले की जाळीला घासून पुढे. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना, मग एका कोपऱ्यातून सुरू झाल्या आणि थांबल्याच नाहीत. साहेब सपाटून हरले. शर्ट अंगाला चिकटलेला, श्वास लागलेला, आणि चेहरा सुट्टी लागलेल्या मुलाचा असतो तसा. जाताना माझ्यापाशी थांबले.

"ही रॅकेटही तुमचीच ना?"

"हो."

"चांगली आहे. आज शटल लागल्याचं हाताला कळलं."

ह्यांनी मागून मान डोलावली, जणू ती त्यांनीच पास केली होती. केली होतीच म्हणा.

परतताना आम्ही मागे बसलो होतो. पुढे ट्रकांची रांग, गाडी मुंगीच्या पावलानं. एरवी तात्या गाडीत अखंड बोलतात, त्या दिवशी मोशी आली तरी गप्प. मग एकदम म्हणाले, "त्यो लातूरचा पोरगा हुशार हाय. सायबाला त्वांडावर इचारलं."

"हो ना," मी म्हटलं.

"आमाला न्हाई कुनी कधी इचारलं असं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी पुन्हा थांबली होती, पुढे जायची काही चिन्हं नव्हती. म्हणून मीच विचारलं, "तात्या, तुम्ही चेअरमन का आहात?"

तात्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट धरले.

"गाडी चालवताना आमी बोलत न्हाई," ते म्हणाले.